अमेरिकन म्हणजे कोण? – आरंभीच्या अमेरिकन लेखकांनी युरोपला दिलेली उत्तरे

पिंपळपान (धागालेखक)

‘हा अमेरिकन, हा नवा माणूस, आहे तरी कोण?’ हा प्रश्न सर्वांत ठळकपणे छापला गेला तो १७८२ मध्ये, आणि तोही लंडनमध्ये. सेंट जॉन द क्रेव्हकर यांच्या ‘एका अमेरिकन शेतकऱ्याची पत्रे’ या पुस्तकातील तिसऱ्या पत्राचा सारा भर या प्रश्नावर आहे. त्यांचे उत्तर असे की, इंग्रज, स्कॉट, आयरिश, फ्रेंच, डच, जर्मन आणि स्वीडिश माणसे एकमेकांत मिसळून तेथे एक नवी मानवजात घडत आहे, आणि जो आपले जुने ग्रह व जुन्या चालीरीती मागे टाकून नवी जीवनपद्धती, नवे सरकार आणि नवा दर्जा स्वीकारतो, तो अमेरिकन होय. माणूस कोणाच्या पोटी जन्मला यापेक्षा त्याने काय सोडले, याला या व्याख्येत अधिक मोल आहे आणि म्हणूनच ती आजही उद्धृत केली जाते.

उद्धृत करणारे लेखकाच्या चरित्राकडे मात्र सहसा वळत नाहीत. क्रेव्हकर मूळचे नॉर्मंडीचे. ते आधी कॅनडात आले, फ्रेंच सैन्यातून ब्रिटिशांविरुद्ध लढले, पुढे न्यू यॉर्क वसाहतीत येऊन १७६५ मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाले आणि ऑरेंज परगण्यात शेती करू लागले. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर त्यांना कोणतीच बाजू मनापासून घेता येईना. बंडखोर शेजाऱ्यांना ते राजनिष्ठ वाटत, तर न्यू यॉर्क शहरात ब्रिटिशांनी १७७९ मध्ये त्यांना हेर समजून तुरुंगात टाकले. पुस्तक निघाले तेव्हा ते युरोपात होते, आणि १७८३ मध्ये फ्रान्सचे वाणिज्यदूत म्हणून परतले तेव्हा घर जळून गेलेले होते व पत्नी वारली होती. पुस्तकातही ही अस्वस्थता आहेच. नवव्या पत्रात चार्ल्स्टनजवळ पिंजऱ्यात टांगलेला, पक्ष्यांनी डोळे टोचून काढलेला एक गुलाम दिसतो, आणि शेवटच्या, बाराव्या पत्रात युद्धाने हैराण झालेला, ही पत्रे लिहिणारा तोच काल्पनिक शेतकरी बायकामुलांसह मूळनिवासींच्या वस्तीत निघून जाण्याचे बेत करतो. तिसऱ्या पत्राला गौरवगीत म्हणणाऱ्यांनी बारावे वाचलेले नसावे, अशी मला दाट शंका आहे.

या धाग्यात मला मांडायचे आहे ते असे: स्वातंत्र्याच्या आगेमागे जी ‘अमेरिकन ओळख’ लिहिली गेली, तिचा मोठा भाग युरोपने विचारलेल्या, अनेकदा हिणवून विचारलेल्या, प्रश्नांचे उत्तर म्हणून लिहिला गेला, आणि उत्तर देणारी माणसेही बहुधा अर्धी आत, अर्धी बाहेर अशीच होती.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे मुख्य लेखक टॉमस जेफरसन यांचे व्हर्जिनियावरील पुस्तक हे याचे सर्वांत उघड उदाहरण आहे. फिलाडेल्फियातील फ्रेंच वकिलातीचे सचिव बार्बे-मार्ब्वा यांनी १७८० मध्ये निरनिराळ्या राज्यांकडे एक प्रश्नावली पाठवली, आणि जेफरसन यांनी दिलेली उत्तरे वाढत वाढत ग्रंथाएवढी झाली. १७८५ मध्ये त्याच्या २०० प्रती पॅरिसमध्ये खासगी रीतीने छापल्या गेल्या. त्यातले सहावे प्रकरण म्हणजे ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाशी मांडलेला वाद आहे. अमेरिकेच्या हवेत प्राणी खुजे निपजतात आणि युरोपातून नेलेली जनावरेही तेथे खुरटतात, असे ब्युफाँ यांचे मत होते. जेफरसन यांनी दोन्ही खंडांतील प्राण्यांच्या वजनांचे तक्तेच्या तक्ते समोर ठेवले. तेवढ्याने समाधान न होऊन त्यांनी न्यू हॅम्पशायरमधून एका मूसचे कातडे आणि सांगाडा मागवून १७८७ मध्ये पॅरिसला ब्युफाँ यांच्याकडे पोहोचता केला. राष्ट्राच्या अस्मितेसाठी हरणाच्या जातीतला सर्वांत मोठा प्राणी समुद्रापार धाडणारा दुसरा मुत्सद्दी माझ्या तरी वाचनात नाही. आबे रेनाल या फ्रेंच लेखकाने अमेरिकेने अजून एकही चांगला कवी दिला नाही असे म्हटले होते. त्यावर जेफरसन यांचे उत्तर असे की, होमर निपजण्यापूर्वी ग्रीकांना आणि व्हर्जिल निपजण्यापूर्वी रोमनांना जेवढा काळ मिळाला, तेवढा आम्हांला मिळू द्या आणि मग विचारा.

फ्रँकलिन यांनी पॅरिसजवळच्या पासीत राहून स्थलांतर करू इच्छिणाऱ्या युरोपीयांसाठी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात ते बजावतात की, अमेरिकेत परक्या माणसाबद्दल ‘तो कोण आहे’ असे कोणी विचारत नाही, ‘त्याला काय करता येते’ असे विचारतात. मात्र १७५१ मध्ये हेच फ्रँकलिन पेनसिल्व्हेनियातील जर्मनांबद्दल तक्रार करत होते की, आपण त्यांना इंग्रज बनवण्याऐवजी हेच आपल्याला जर्मन बनवतील. टॉमस पेन यांचे ‘कॉमन सेन्स’ हे स्वातंत्र्याची हाक देणारे पत्रक जानेवारी १७७६ मध्ये निघाले तेव्हा त्यांना इंग्लंडहून येऊन सव्वा वर्षही झाले नव्हते, आणि तरी त्यांनी ठणकावून सांगितले की, अमेरिकेची मायभूमी इंग्लंड नसून सगळा युरोप आहे. ते पत्रक थेट वसाहतींतील रहिवाशांना उद्देशून होते, हे येथे नोंदवतो. पण ते लिहिणाराही नवखाच होता.

जाणकारांनी यात भर घालावी.


जुनी वही

पिंपळपान, मांडणी वाचनीय आहे, पण ती एकाच कप्प्यातल्या कागदांवर उभी आहे. मुत्सद्दी युरोपात राहत असत, त्यामुळे त्यांचे लेखन युरोपला उद्देशून असणारच. घरोघरी काय विकत घेतले जात होते, ते पाहिल्यास चित्र बदलते.

नोआ वेबस्टर यांचे शुद्धलेखनाचे पुस्तक १७८३ मध्ये हार्टफर्ड येथे निघाले. निळ्या पुठ्ठ्याचे ते पुस्तक पुढच्या शंभर वर्षांत कोट्यवधी प्रतींनी खपले, आणि ते वाचणारे होते शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले. वेबस्टर यांचा आग्रह असा की, स्वतंत्र राष्ट्राला जशी स्वतःची शासनपद्धती हवी, तशीच भाषेतही स्वतःची पद्धत हवी. १७८९ च्या निबंधांत त्यांनी सरळ लिहिले की, राष्ट्राची एक भाषा हा राष्ट्रीय ऐक्याचा बंध आहे. लंडनच्या उच्चभ्रूंचे उच्चार प्रमाण मानायचे नाहीत, बॉस्टनचा मुलगा आणि कॅरोलायनाचा मुलगा यांनी एकाच पुस्तकातून एकसारखे बोलायला शिकायचे, हा त्यामागचा कार्यक्रम होता. त्यांनी सुचवलेल्या सगळ्याच सुधारणा लोकांनी स्वीकारल्या नाहीत, पण आज अमेरिकन लेखन ब्रिटिश लेखनापेक्षा जिथे जिथे वेगळे दिसते, तिथे पुष्कळदा वेबस्टर यांचा हात असतो. यात युरोपला उत्तर देण्यापेक्षा शेजारच्या राज्याशी जोडून घेण्याची गरज मोठी होती, कारण त्या वेळी तेरा राज्ये एकमेकांशी फारशी बांधलेली नव्हती.

दुसरे उदाहरण रंगभूमीचे. रॉयल टायलर यांचे ‘द कॉन्ट्रास्ट’ हे नाटक एप्रिल १७८७ मध्ये न्यू यॉर्कच्या जॉन स्ट्रीट नाट्यगृहात झाले. त्यात कर्नल मॅनली हा युद्धात लढलेला, जुना लष्करी कोट अंगावर वागवणारा गंभीर गृहस्थ आहे, आणि इंग्रजी शिष्टाचाराची पोथी पाठ केलेला डिंपल हा त्याच्या विरुद्ध टोकाचा माणूस आहे. पण लोकांना आवडला तो मॅनलीचा नोकर जोनाथन. त्याला कोणी नोकर म्हटले की तो संतापतो आणि आपण कर्नलचे सेवक नसून केवळ त्यांच्या दिमतीला आहोत, असे सुनावतो. तो नाटकाला जाऊन बसतो आणि पडदा वर गेल्यावर आपल्याला शेजाऱ्याच्या घरातला संसार दिसत होता असे सांगतो. हा भाबडा, हेकट, कोणापुढे न वाकणारा यांकी (ईशान्येकडचा खेडवळ अमेरिकन) पुढे अनेक दशके अमेरिकन रंगभूमीवर वावरला. त्याच्याकडे पाहून हसणारे प्रेक्षक स्वतःलाच ओळखत होते. तेथे ब्युफाँ कुठे आला?


दूरदेशी

एक भाबडी शंका. ही ओळख त्याहून कितीतरी जुनी नाही का? १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे गव्हर्नर जॉन विनथ्रॉप यांनी प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) स्थलांतरितांना ‘आपण डोंगरावरचे नगर होऊ, साऱ्या जगाचे डोळे आपल्यावर असतील’ असे सांगितले होते. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांतून ते वाक्य आजही ऐकू येते.


पिंपळपान

दूरदेशी, ते प्रवचन १६३० चे आहे हे बरोबर, पण ते हस्तलिखितात पडून होते आणि पहिल्यांदा छापले गेले १८३८ मध्ये, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडून. फ्रँकलिन, पेन, जेफरसन यांच्या पिढीच्या वादांत ते कुठेच नाही. राष्ट्र स्थापन झाल्यावर त्याला साजेसे पूर्वज शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले, आणि विनथ्रॉप यांना त्या कामात हे स्थान मिळाले. शिवाय त्या वाक्यात अभिमानापेक्षा धास्ती अधिक आहे: आपण चुकलो तर सगळे जग आपली नाचक्की पाहील, असा तो इशारा आहे.

जुनी वही, वेबस्टर यांचा मुद्दा वजनदार आहे. तरीही एक गंमत सांगतो. त्यांच्या शालेय वाचनमालेच्या मुखपृष्ठावर, पाळण्यातल्या बाळाने उच्चारलेला पहिला शब्द ‘वॉशिंग्टन’ असू दे, अशा अर्थाचे वचन होते आणि त्याखाली नाव होते मिराबो या फ्रेंच माणसाचे. सत्तर हजार शब्दांचा त्यांचा अमेरिकन शब्दकोश १८२८ मध्ये निघाला. त्याचे हस्तलिखित त्यांनी पूर्ण केले ते इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये. ‘द कॉन्ट्रास्ट’ची घडणही शेरिडन यांच्या लंडनी विनोदी नाटकांच्या वळणाची आहे. अंगणात उभे राहून बोलतानाही नजर फाटकाबाहेर जातच होती, एवढेच माझे म्हणणे.


उंबरठा

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. युरोप विचारतो आणि अमेरिकन गोरा पुरुष उत्तर देतो. क्रेव्हकर यांच्या यादीतील सातही समूह युरोपीय आहेत. १७९० च्या नागरिकत्व कायद्याने तीच यादी कायद्यात उतरवली, कारण परदेशातून आलेल्या ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तीलाच नागरिक होता येईल असे त्यात म्हटले होते. या यादीबाहेरच्या लोकांनीही लिहिले, आणि माझ्या मते ओळखीचा खरा वाद त्यांनीच घातला.

फिलिस व्हीटली १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून बॉस्टनला विकली गेली तेव्हा सात-आठ वर्षांची होती. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला, कारण बॉस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नव्हते. या कविता तिनेच लिहिल्या आहेत, अशा अर्थाचे बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागले. त्या सह्यांत राजाचे गव्हर्नर हचिन्सनही होते आणि पुढे बंडखोरांचे पुढारी ठरलेले जॉन हॅनकॉकही होते. १७७५ मध्ये तिने जनरल वॉशिंग्टन यांना एक कविता पाठवली, जिच्यात अमेरिका ‘कोलंबिया’ नावाच्या देवतेच्या रूपात येते. वॉशिंग्टन यांनी आभाराचे पत्र लिहिले, आणि ती कविता एप्रिल १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मासिकात छापून आली. म्हणजे ज्या देवतेच्या नावाने पुढे जिल्हा, विद्यापीठ आणि गाणी झाली, तिला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याआधीच कवितेत देवी म्हणून उभे करणारी व्यक्ती दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होती. पिंपळपान यांनी ज्या व्हर्जिनियाच्या पुस्तकाची थोरवी सांगितली, त्याच पुस्तकात जेफरसन लिहितात की, धर्माने व्हीटली घडवली, पण कवी काही घडवता आला नाही. चांगला कवी नाही म्हणून रेनाल यांनी हिणवले, त्याची झोंबरी जखम वागवणारा माणूस घरच्या कवयित्रीला दाराबाहेर उभे करतो. १७८४ मध्ये ती वारली. दुसऱ्या संग्रहाला प्रकाशक मिळालाच नाही.

जेफरसन यांना उत्तर मिळाले ते १८२९ मध्ये. बॉस्टनच्या धक्क्याजवळ जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारे डेव्हिड वॉकर यांनी ‘आवाहन’ नावाचे पत्रक काढले. त्याची मांडणी मुद्दाम राज्यघटनेसारखी होती: एक उद्देशिका आणि चार कलमे. ज्याला ऐपत आहे त्या प्रत्येक काळ्या माणसाने जेफरसन यांचे पुस्तक विकत घेऊन आपल्या मुलाच्या हातात द्यावे, असे त्यांनी लिहिले, कारण त्याचे खंडन आपणच केले पाहिजे, गोऱ्या मित्रांनी करून भागणार नाही. मुक्त काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवावे अशी एक चळवळ तेव्हा जोरात होती. त्यावर वॉकर यांचे म्हणणे असे की, हा देश गोऱ्यांपेक्षा आमचा अधिक आहे, आम्ही तो रक्ताने आणि अश्रूंनी समृद्ध केला आहे. आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा उद्धृत करून ते विचारतात: अमेरिकनांनो, तुमची स्वतःची भाषा तुम्हांला कळते का? दक्षिणेतील राज्यांनी त्या पत्रकाच्या धास्तीने कायदे केले, यावरून भाषा कळली होती असे दिसते.

आता विल्यम एपेस. हे पिक्वॉट जमातीचे, मेथडिस्ट धर्मोपदेशक. त्यांच्या काळी गोऱ्या लेखकांना आणि प्रेक्षकांना ‘शेवटचा इंडियन’, म्हणजे नामशेष होत चाललेला मूळनिवासी, फार आवडे. कूपर यांची ‘शेवटचा मोहिकन’ ही कादंबरी १८२६ ची. ‘मेटामोरा’ हे वाम्पानोआग जमातीच्या अखेरच्या सरदारावरचे नाटक डिसेंबर १८२९ मध्ये न्यू यॉर्कला आले आणि तुफान चालले. पुढच्याच मे महिन्यात मूळनिवासींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला. रंगमंचावरच्या इंडियनासाठी डोळे टिपायचे आणि जिवंत इंडियनाला घराबाहेर काढायचे, हे दोन्ही एकाच हंगामात चालले होते. जानेवारी १८३६ मध्ये एपेस बॉस्टनच्या ओडियन सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी त्या खऱ्या सरदारावर, म्हणजे १६७६ मध्ये मारल्या गेलेल्या मेटाकॉम ऊर्फ किंग फिलिपवर, गौरवपर व्याख्यान दिले. त्यांनी मेटाकॉम यांना थेट वॉशिंग्टन यांच्या शेजारी बसवले: एकाने देशासाठी लढून विजय मिळवला, दुसऱ्याने त्याच कारणासाठी प्राण दिले. ‘यात्रेकरू’ म्हणून ओळखले जाणारे पहिले इंग्रज प्युरिटन किनाऱ्यावर उतरल्याचा २२ डिसेंबर आणि स्वातंत्र्याचा ४ जुलै हे दिवस आमच्यासाठी शोकाचे आहेत, असेही त्यांनी त्या शहराला ऐकवले. ज्यांना ‘शेवटचा’ म्हणून निरोप देऊन झाला होता, त्यांच्यातला एक जण समोर उभा राहून वर्तमानकाळात बोलत होता.

येथे युरोप प्रश्नकर्ता नाही आणि श्रोताही नाही.


जुळारी

थोडे छापखान्याच्या बाजूने. अमेरिकन लेखकाची खरी अडचण कल्पनाशक्तीची नव्हती, पैशाची होती. १७९० च्या स्वामित्वहक्क कायद्याने फक्त नागरिकांच्या आणि रहिवाशांच्या पुस्तकांना संरक्षण दिले. परदेशी पुस्तक कोणीही फुकट छापू शकत होता, आणि ही मुभा १८९१ पर्यंत टिकली. वॉल्टर स्कॉट या ब्रिटिश कादंबरीकाराची नवी कादंबरी जहाजातून उतरली की तिच्या प्रती आधी कोण बाजारात आणतो, याची प्रकाशकांत शर्यत लागे. मानधन न देता स्कॉट छापता येत असताना, मानधन देऊन घरचा लेखक कोण छापणार? इंग्रज समीक्षक सिडनी स्मिथ यांनी १८२० मध्ये ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये विचारले की, जगाच्या चारही दिशांत अमेरिकन पुस्तक वाचतो कोण. प्रश्न झोंबणारा होता, पण अमेरिकेतच ते विकणे कठीण करून ठेवणारा कायदा अमेरिकनांनीच केला होता. पिंपळपान यांना जी युरोपकडे लागलेली नजर दिसते, तिच्यात हिशेबाचाही भाग आहे. लंडनमध्येही पुस्तक निघाले तर लेखकाला दोन पैसे सुटत.


पिंपळपान

जुळारी यांच्या प्रतिसादामुळे मला वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन कथालेखकाकडे येता येते. रिप व्हॅन विंकलची गोष्ट १८१९ मध्ये छापून आली आणि ती लिहिली गेली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये, बहिणीच्या घरी राहत असताना. घरचा व्यापार बुडालेला होता आणि लेखणीवर पोट भरायचे होते. कथाबीज जर्मन लोककथेचे आहे. तरीही त्या काळात राष्ट्रीय ओळखीवर याहून धारदार काही लिहिले गेले असेल असे मला वाटत नाही.

रिप डोंगरात वीस वर्षे झोपतो आणि नेमके स्वातंत्र्ययुद्ध त्या झोपेत उरकते. गावात परतल्यावर त्याला खाणावळीवरची पाटी दिसते. चेहरा तोच, राजा जॉर्जचाच, पण तांबड्या कोटाच्या जागी निळा कोट रंगवलेला, हातातल्या राजदंडाची तलवार झालेली आणि खाली अक्षरे ‘जनरल वॉशिंग्टन’. निवडणुकीची गर्दी त्याला कोणत्या पक्षाचा म्हणून विचारते, तेव्हा तो बिचारा सांगतो की मी इथलाच गरीब माणूस, राजाचा एकनिष्ठ प्रजाजन. लोक त्याला हेर ठरवून अंगावर धावून जातात. क्रेव्हकर यांच्यावर जे बेतले, तेच रिपवर बेतते, फक्त येथे ते विनोदी अंगाने येते. चेहरा न बदलता कोट बदलणे म्हणजेच राष्ट्र बदलणे काय, हे अर्व्हिंग विचारतात आणि उत्तर न देता रिपला त्याच खाणावळीपुढच्या बाकावर नेऊन बसवतात.

उंबरठा यांच्या प्रतिसादाला मात्र मी माझ्या मांडणीत बसवू पाहणार नाही. निबंधकार एमर्सन यांचे ३१ ऑगस्ट १८३७ चे, बॉस्टनजवळच्या अमेरिकन केंब्रिजमधील व्याख्यान, ज्याला पुढे लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हटले, ते युरोपच्या दरबारी काव्यदेवतांचे आम्ही फार काळ ऐकले, अशी तक्रार करते. म्हणजे १८३७ मध्येही भांडण युरोपशीच आहे. एपेस यांचे व्याख्यान त्याआधी दीडएक वर्ष, नदीच्या पलीकडच्या काठावर, बॉस्टनमध्ये झाले होते. दोन्हींत मूळ प्रश्न एकच असूनही साहित्याच्या इतिहासात ती क्वचितच एका पानावर येतात.


दूरदेशी

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छाही तेथे आहे. या अर्पणपत्रिकेतला ‘अमेरिकन’ कोणता? क्रेव्हकर यांचा की वॉकर यांचा?


उंबरठा

दूरदेशी, माझ्या वाचनाप्रमाणे तेथे अमेरिकन माणसाची ओळख त्याने केलेल्या कृतीवरून ठरते, वंशावरून नाही. त्या अर्थी ती फ्रँकलिन यांच्या ‘काय करता येते’ या प्रश्नाच्या जवळची आहे, आणि फुल्यांनी ती शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी वापरली. त्या वेळी तसे म्हणायला आधारही होता. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्यांना नागरिक ठरवले होते.

पण क्रेव्हकर यांच्या व्याख्येची खरी कसोटी पुढे न्यायालयात लागली. जॉन एल्क हे विनेबागो जमातीचे गृहस्थ जमातीशी नाते सोडून ओमाहा शहरात राहायला गेले आणि १८८० मध्ये त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवू पाहिले. जुने सोडले, नवे स्वीकारले. तिसऱ्या पत्रातली प्रत्येक अट त्यांनी पाळली होती. नोंदणी नाकारली गेली, आणि १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नागरिक नाहीत असा निर्णय दिला. सर्व मूळनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये झाला.